वास का गेला?

१

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी गंगुबाई मयेकरणीने देवघरातला पितळी डबा उघडला, तर आत नुसतं लाल फडकं. सोन्याची टोपी नव्हती.

ही टोपी म्हणजे सोन्याच्या पातळ पत्र्याची, नारळाच्या शेंडीवर बसेल एवढीच. नारळी पौर्णिमेला मांडवीच्या किनाऱ्यावर मयेकरांचा नारळ ती टोपी घालून पूजेला बसायचा. पूजा झाली की टोपी काढून घ्यायची आणि नारळ लाटेवर सोडायचा. मयेकरांचा नारळ गेल्याशिवाय भंडारवाडीतला एकही मचवा पाण्यात उतरत नसे. किती पिढ्या हे चाललं होतं कोण जाणे, पण त्यात कधी खंड पडला नव्हता. आता पौर्णिमा तोंडावर आली आणि डबा रिकामा.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट घडली. धाकटी सून कमळा तोंडाला पदर लावून मागच्या दारी धावली, पोटातलं होतं नव्हतं ते ओकली आणि परत येऊन म्हणाली, घरात मासळीचा वास येतोय. आता मयेकर मासळीवर वाढलेले, पण श्रावण लागला की पौर्णिमेपर्यंत मासळीला हात लावायचा नाही, हा त्यांच्या घरचा नेम. गंगुबाईने नाक वर केलं, थोरल्या सुनेने, सावित्रीने केलं, आणि दोघींनाही वास आला. चांगला घमघमत होता.

एकाच सकाळी दोन बालंटं आली की माणसं त्यांची गाठ मारून टाकतात. कमळाला दिवस गेलेले. पोरीला डोहाळे लागले असणार, तिने चोरून मासळी रांधली असणार, असं सावित्रीने दुपारच्या आत ठरवलं. आदल्या दिवशी सगळे शेजारच्या पूजेला गेले होते आणि घरात कमळा एकटीच होती. ओटीवर चुलतसासरे आप्पा घोरत होते, पण त्यांना काय धरायचं. मग जिने श्रावण बाटवला ती देवाच्या डब्यात हात घालायला कशाला भिते?

कमळाचा नवरा भागोजी मोठ्या बोटीवर खलाशी. यंदा नारळाचा मान त्याच्याकडे होता, म्हणून तो पौर्णिमेला घरी यायचा होता. त्याच्या आत सुनेला माहेरी पोचवायचं गंगुबाईने मनाशी पक्कं केलं आणि अंजनवेलला तिच्या बापाकडे निरोप धाडला. कमळा रडली नाही. तिने जेवण सोडलं.

२

तिने जेवण सोडलं म्हणूनच आनंदीबाई शेवडे त्या घरात आल्या. रत्नागिरीत नर्सबाई म्हणून त्यांना सगळी ओळखत. ब्राह्मणआळीपासून राजिवड्यापर्यंत कुठल्याही घराच्या माजघरात त्या शिरत, मिळेल तिथे चहा घेत, आणि त्यावरून त्यांच्या आळीत कुजबुज झाली की आणखी एक कप मागून घेत. पांढरं पातळ, हातात काळी छत्री, आणि स्वतःच्या डोक्यावर दांडगा विश्वास. बाळंतपणाला बोलावलेल्या या बाईने गावातल्या बऱ्याच भानगडी जाता जाता निस्तरल्या होत्या.

त्या दिवशी मात्र त्यांना पडसं झालं होतं. नाक असं चोंदलं होतं की उदाचा धूर समोर दिसत होता आणि वास म्हणून काही कळत नव्हता.

दारातच आप्पा भेटले. गंगुबाईच्या दिवंगत नवऱ्याचा, भिकाजी मयेकरांचा हा धाकटा भाऊ, जन्मभर भावाचा मचवा हाकणारा तांडेल. त्यांच्या आंगठ्याला चिंधी गुंडाळलेली बघून आनंदीबाईंनी ती आधी सोडली. चहा सांडला, असं आप्पा म्हणाले. भाजलेली जागा टिचभर होती पण खोल, आणि वरची साल ओढून काढल्यासारखी निघाली होती. आनंदीबाईंनी मलम लावलं, नवी पट्टी बांधली आणि त्या आत गेल्या.

कमळा भिंतीकडे तोंड करून पडली होती. नाडी पाहून, पोटाला हात लावून आनंदीबाई बाहेर आल्या आणि गंगुबाईला म्हणाल्या, "ही अशीच उपाशी राहिली तर पोर राहायचं नाही. अंजनवेलपर्यंतच्या चिखलातून हिला पाठवलंत तर दोघंही जातील. मी मुद्दाम घाबरवत नाही, आहे ते सांगते."

गंगुबाई कठोर बाई नव्हती. नवरा चैत्रात गेला होता, आणि त्याच्या मागे पहिल्याच पौर्णिमेला आपल्या हातून घराचा मान जातोय या धास्तीने तिची झोप उडाली होती. तिने हात जोडले, पण चोराला घरात कसं ठेवू, असं विचारलं.

"मग चोर कोण ते आधी ठरवू," आनंदीबाई म्हणाल्या आणि पाटावर ऐसपैस बसल्या. "मला पहिल्यापासून सांगा. टोपीचं राहू दे. वासाचं सांगा."

गंगुबाईने सांगितलं. त्या वासामागे दोघी बायका हात धुऊन लागल्या होत्या. घर शेणाने सारवलं. ऊद जाळला, करवंट्या जाळल्या. लिंबाच्या साली कोनाड्याकोनाड्यात ठेवल्या. गवती चहाचा काढा उकळत ठेवून त्याची वाफ घरभर फिरवली. चुलीमागची भिंत चुन्याने पांढरी केली, गोधड्या उन्हाच्या तिरिपेला धरल्या. एवढं करून वास जाईना. तास दोन तास दबायचा, पुन्हा डोकं वर काढायचा. पावसाळी हवा, दारं मिटलेली, त्यामुळे आणखीच कोंडायचा.

"आणि आता?" आनंदीबाईंनी विचारलं. "माझं नाक बंद आहे, मला कळत नाही."

"आता नाय येत," गंगुबाई म्हणाली. "परवा गेला. एकाएकी गेला. उदाला यश आलं बगा."

आनंदीबाईंनी कपाळाला आठी घातली. त्यांच्या मते या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यांत विचित्र होती.

३

वास हळूहळू जातो, हे घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. आज कमी, उद्या त्याहून कमी. भिंतीत मुरलेला वास उदाच्या धुराला भिऊन एका दुपारी पळून जात नाही. आनंदीबाईंनी ठरवलं की वास का आला, हे सगळे विचारून दमले. आपण विचारायचं ते वास का गेला.

सावित्रीला विचारलं तर ती म्हणाली, सरळ आहे, चोरून आणलेली मासळी संपली असेल किंवा पुरून टाकली असेल, आणि ते करणारीला बरोबर माहीत. सावित्री जिभेने तिखट होती, पण आनंदीबाईंना ती खोटारडी वाटली नाही. तिला जे वाटत होतं ते ती बोलत होती आणि तिला फार लवकर वाटत होतं, एवढाच तिचा दोष.

मग घरात मासळी होती तरी का, हा प्रश्न आला. गंगुबाईने माळ्याकडे बोट दाखवलं. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरलेले सुके बांगडे श्रावण लागताना उरले होते. ते नेहमीप्रमाणे मडक्यात घातले, वर करवंटी ठेवून तोंड शेणमातीने लिंपलं आणि मडकं माळ्यावर चढवलं. पौर्णिमेपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही. शिवलं की नेम मोडला. टोपीसाठी सगळं घर उलटंपालटं केलं, पण मडक्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. खालून पाहिलं होतं, करवंटी जागच्या जागी होती.

आनंदीबाईंनी मान वर करून पाहिलं. अंधारात मडक्याचं पोट तेवढं दिसत होतं.

थोरला मुलगा आत्माराम कचेरीतून आला तो चिडलेलाच. त्याचं म्हणणं वेगळं होतं. नारळाला सोनं घालणं हा मूर्खपणा आहे, टोपी विकून वाडीत वाचनालय काढावं, असं तो भरल्या ओटीवर कितीदा बोलला होता आणि आज ते आपल्याच अंगाशी येणार हे त्याला कळत होतं. आनंदीबाईंनी विचारलं की बाप गेल्यावर नारळाचा मान थोरल्याकडे यायला हवा, मग भागोजीकडे कसा गेला? तो ओशाळून हसला. मचव्यात बसलं की त्याला ओकारी येते, साऱ्या वाडीला माहीत आहे. नारळ धरणारा पाण्यावरचा माणूस हवा, म्हणून वाडीने भागोजीचं नाव घेतलं. त्याला स्वतःला त्याचं काही वाटलं नव्हतं.

"दुसऱ्या कुणाचं नाव निघालं?"

"दुसरं कोण आहे? आप्पा म्हातारे झाले. ते दरवर्षी आबांवर, आमच्या वडिलांवर, छत्री धरायचे, ते यंदा भागोजीवर धरतील."

आप्पा ओटीवर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी सुनेची बाजू घेतली. पोर आहे, चुकली असेल, वासही आता गेला, सोडून द्या, असं ते म्हणाले. सगळ्या घरात कमळाबद्दल बरं बोलणारा हा एकच माणूस, आणि तोसुद्धा तिची चूक धरूनच बोलत होता. आनंदीबाईंना ते खटकलं.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. तरीवरचा माणूस सांगत होता, अंजनवेलहून कमळाचा बाप निघालाय, उद्या पोचेल.

४

आनंदीबाई कमळापाशी जाऊन बसल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "माझं नाक बंद आहे. तुझं मात्र आत्ता दोन जिवांचं काम करतंय. मला तुझं नाक उसनं दे. पहिल्या दिवशी नेमका कसला वास आला?"

एवढ्या दिवसांत कमळाला हे कुणी विचारलं नव्हतं. ती उठून बसली. वास रांधलेल्या मासळीचा नव्हता, ती म्हणाली. बांगडा रांधायचा तर तिरफळं पडणारच, आणि तिरफळाचा वास भिंतीपलीकडून कळतो. तो नव्हता. खोबऱ्याच्या वाटणाचा नव्हता, मिरचीचा नव्हता. नुसता खारवलेला, सुका बांगडा. तिने सासूला ते सांगायचा प्रयत्न केला होता, पण मासळीचा वास इतका ओळखतेस म्हणजे तूच खाल्लीस, असं उत्तर आलं.

"आणि तुला हवी होती का मासळी? डोहाळे?"

कमळा खिन्न हसली. "बाई, मला तो वासच सोसत नाय. रांधीन कशी? मला काय खावंसं वाटतं ते कुणी इचारलंच नाय."

"काय वाटतं?"

"भाजलेल्या आठळ्या," ती म्हणाली, आणि फणसाच्या त्या साध्या बियांची आठवण येऊन तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घराच्या कोपऱ्यात मातीत पुरून ठेवलेल्या आठळ्या होत्या. मागायचा तिला धीर झाला नव्हता.

मग आनंदीबाईंनी परवाचं विचारलं, ज्या दिवशी वास गेला. मान खाली घालून कमळाने सांगितलं की परवा दुपारी सासू आणि जाऊ देवळात गेल्या होत्या, आणि ती इथेच पडली होती. एकाएकी तिला नवऱ्याचा वास आला. लग्न झालं तेव्हा भागोजी मचव्याच्या फटी बुजवत होता, अंगाला सदा राळेचा वास. तो मोठ्या बोटीवर गेल्यापासून तो वास घरात नव्हता. परवा आला. हे आले, असं वाटून ती दारापर्यंत धावली. ओटीवर फक्त आप्पा होते. कुणी आलं नाही, जा पड, असं म्हणाले.

"वाऱ्यावर किनाऱ्याकडून आला असेल. सध्या मचवे दुरुस्त करतात."

"परवा दिवसभर पाऊस धरून व्हता, बाई. पावसात राळ कोण लावतं?"

आनंदीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. बहुतेक सगळं त्यांच्या हातात आलं होतं. मचव्याच्या फटी कशा बुजवतात, तेवढं त्यांनी विचारून घेतलं. काथ्या ठासायचा आणि वर तेलात वितळवलेली राळ ओतायची, कमळा म्हणाली. राळ चिकटली की सुटत नाही, अंगावर पडली तर कातडं घेऊन निघते.

तोच माजघरात सावित्रीचा आवाज चढला. पडवीत भागोजीची मचव्याची जुनी पेटी होती, ती तिने उघडली होती. दार ढकलून ती आत आली. तिच्या हातात राळेचा मोठा खडा होता. एका बाजूने तो नुकताच फोडलेला होता, आणि तिथे तो काचेसारखा चकाकत होता.

"दाराआडून ऐकलं मी," ती म्हणाली. "राळ म्हणे. ही घ्या राळ. कुणाच्या नवऱ्याच्या पेटीत मिळाली ते इचारा तिला."

५

आनंदीबाईंनी खडा घेतला, उलटसुलट पाहिला आणि सावित्रीचे आभार मानले. मनापासून मानले, त्यामुळे सावित्री गोंधळली. मग त्यांनी सगळ्यांना माजघरात बोलावलं आणि शिडी मागितली.

शिडी कशाला, ते लक्षात आल्यावर गंगुबाई आडवी आली. श्रावणात मडक्याला शिवायचं नाही.

"तुम्ही नका शिवू," आनंदीबाई म्हणाल्या. "माझा श्रावण माझा मी बघून घेईन."

आणि ज्या बाईच्या घरात सात पिढ्यांत मासळी आली नव्हती ती पातळ खोचून शिडीवर चढली. सुक्या बांगड्यांचं मडकं कडेवर घेऊन खाली उतरली आणि ते जमिनीवर ठेवलं. नाक बंद असल्याचा त्यांना त्या दिवशी प्रथमच आनंद झाला. गंगुबाईने वाकून पाहिलं. करवंटीभोवती शेणमाती नव्हती. काथ्या ठासला होता आणि वरून पिवळट राळ गोल फिरवली होती, एक फट राहू दिली नव्हती.

"वास का गेला, ते हे," आनंदीबाई म्हणाल्या. "तुम्ही ऊद जाळलात, साली ठेवल्यात, भिंती रंगवल्यात. वासाचं तोंड उघडं होतं तोवर त्याचा काही उपयोग नव्हता. टोपी गेली त्या दुपारी कुणीतरी या मडक्याचं लिंपण फोडलं आणि करवंटी नुसती वर ठेवून दिली. दमट हवेत सुके बांगडे घमघमले. कुणी काही रांधलं नव्हतं. तिरफळाचा वास नव्हता, हे कमळाने तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग परवा त्याच माणसाने तोंड पुन्हा बंद केलं, आणि वास एका दुपारीत गेला."

सावित्री म्हणाली की तेच तर ती म्हणतेय, कमळाने बंद केलं.

"सावित्रीबाई, तुम्हाला मडक्याचं तोंड बंद करायचं असतं तर कशाने केलं असतं?"

सावित्रीने काही विचार न करता परसाकडे हात केला. सारवणाचं शेण तिथे घमेल्यात भिजत पडलेलं होतं.

"कुठल्याही बाईने तेच केलं असतं. हाताशी होतं, आणि नंतर ओळखूही आलं नसतं. पण ज्याने आयुष्यात कधी चुलीपुढचं काही लिंपलं नाही, आणि ज्याच्या लेखी फट म्हटली की काथ्या आणि राळ, तो राळच शोधणार. पेटी पडवीत होती, घरातल्या सगळ्यांना मोकळी. राळ पळीत वितळवायची, शिडीवर उभं राहून ओतायची. हात थरथरला की आंगठ्यावर पडते, आणि सोडवताना कातडं घेऊन निघते. चहा असा भाजत नाही, आप्पा. मी तुमची जखम दारातच पाहिली."

आप्पांनी आंगठा मुठीत लपवला. तो लपवला यातच सगळं आलं. आनंदीबाईंनी पाट्याचा वरवंटा घेऊन राळेचं कडं फोडलं, करवंटी उचलली आणि बांगड्यांत हात घातला. वर आला तेव्हा हातात सोन्याची टोपी होती. तिला एक खवला चिकटला होता.

आप्पाच बोलले, आणि एकदा लागल्यावर थांबेनात. चाळीस वर्षं भावाचा मचवा त्यांनी चालवला. वादळं त्यांनी काढली. दरवर्षी भाऊ गुडघाभर पाण्यात नारळ घेऊन उभा, आणि हे मागे छत्री धरून. यंदा भाऊ नव्हता, तेव्हा त्यांना वाटलं आता तरी. वाडी बसली, भागोजीचं नाव झालं, आणि त्यांचं नाव नको म्हणायलासुद्धा कुणी घेतलं नाही. टोपी विकायची त्यांच्या मनात कधीच नव्हती. मडक्याला कुणी शिवणार नाही म्हणून तिथे ठेवली. पौर्णिमेच्या सकाळी दृष्टान्त झाला म्हणून काढून दाखवायची, आणि ज्याला देवाने दाखवली त्याच्याच हाती नारळ येईल, असा त्यांचा हिशेब होता.

"आणि पोरीवर आळ आला तेव्हा?" गंगुबाईने विचारलं.

"वास गेला तर आळ जाईल असं वाटलं, वयनी. म्हणून तर राळ लावली." त्यांनी कमळाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मी बोलायला हवं व्हतं."

६

कमळाचा बाप दुसऱ्या दिवशी आला तेव्हा लेक चुलीपुढे बसून आठळ्या भाजत होती आणि शेजारी सासू त्या सोलून तिच्या हातावर ठेवत होती. गंगुबाईने व्याह्यापुढे चुकले म्हणून सांगितलं. सावित्रीने ते तोंडाने कबूल केलं नाही, पण राखेतून फुटलेल्या आठळ्या वेचून स्वतःच्या ताटलीत घेतल्या आणि चांगल्या जावेपुढे सरकवल्या. कमळा पोटभर खात होती. आनंदीबाईंना आता अंजनवेलच्या रस्त्याची काळजी राहिली नव्हती.

आप्पांचं काय करायचं, ते गंगुबाईने कमळावर सोडलं. आप्पा घर सोडायला तयार होते. आत्माराम म्हणाला, वाडीला सांगून मोकळं व्हावं. कमळाने विचार करून सांगितलं की वाडीला काही सांगायचं नाही आणि आप्पांनी कुठे जायचं नाही. देवाच्या टोपीला मासळीचा वास लागलाय, तो आप्पांनी काढायचा. त्यांनी लावला, त्यांनीच काढावा. तो गेला असं ती म्हणेल तेव्हा आप्पांनी किनाऱ्यावर यायचं, तोवर नाही.

त्या दिवसापासून आप्पा विहिरीवर बसू लागले. चिंच लावली, रिठ्याचा फेस केला, राखुंडीने घासलं. रोज सकाळी ते टोपी केळीच्या पानावर घेऊन कमळाच्या दाराशी उभे राहत. ती टोपी नाकाशी नेई, हुंगे आणि म्हणे, "अजून येतो."

आप्पा परत विहिरीवर जात. एकदा त्यांनी टोपीचं फडकंही धुतलं, मग डबा धुतला, मग देवघराची फळी. एरवी पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मागून घेणारा माणूस घासून घासून बोटं पांढरी करून बसला, आणि तक्रारीचा शब्द काढला नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आनंदीबाई कमळाला पाहायला आल्या. त्यांचं पडसं उतरलं होतं. नाक इतकं स्वच्छ उघडलं होतं की दारातच त्यांना भाजलेल्या आठळ्यांचा वास आला. मयेकरांनी तो घालवायला एकही खिडकी उघडली नव्हती. आप्पा पान घेऊन उभे होते. कमळाने टोपी हुंगली आणि म्हणाली, अजून येतो. आप्पा गेल्यावर आनंदीबाई म्हणाल्या की मीही बघते, आणि मागून जाऊन त्यांनी टोपी हुंगली. रिठ्याचा वास होता. बाकी काही नव्हतं. सोनं वास धरून ठेवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि कमळालाही असणारच. परत येऊन त्यांनी कमळाकडे पाहिलं. कमळाचा चेहरा अगदी सरळ होता. आनंदीबाईंनी छत्री उचलली, पुढच्या आठवड्यात येईन म्हणाल्या आणि निघाल्या.

पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या बोटी बंद, म्हणून भागोजी कोल्हापुरावरून आंबा घाट उतरून मोटारीने आला तो पौर्णिमेच्या सकाळीच. घरात काय झालं ते आप्पांनी त्याला स्वतः, ओटीच्या पायरीवर बसवून सांगितलं. तो नुसतं म्हणाला, तिला विचारा.

बाहेर ढोल वाजायला लागला होता. वाडीतली माणसं निघाली होती. आप्पा अंघोळ करून, कोरं धोतर नेसून आले, आणि रोजच्यासारखे कमळाच्या दाराशी उभे राहिले. पानावर टोपी लखलखत होती. त्यांच्या आंगठ्यावर नवं गुलाबी कातडं आलं होतं.

कमळाने टोपी उचलली. नाकाशी नेली. या खेपेला तिने फार वेळ घेतला, आणि दारात उभ्या असलेल्या सगळ्यांनी तेवढा वेळ श्वास धरला.

"गेला, आप्पा," ती म्हणाली. "चला, छत्री घ्या."

आप्पांनी छत्री घेतली. कमळाने टोपी नारळावर बसवली, नारळ नवऱ्याच्या हाती दिला, आणि सगळे किनाऱ्याकडे निघाले.